राजापासून मित्रापर्यंत : एका चिनी अक्षराचा प्रवास

इ. स. १७११ मध्ये कोरियाच्या राजाचे शिष्टमंडळ जपानला निघण्याच्या बेतात असताना उभय देशांमध्ये एका उपाधीवरून पेच उद्भवला. तोकुगावा इएनोबू हे शोगुनपदावर आल्याबद्दल त्यांचे अभिनंदन करण्यासाठी हे शिष्टमंडळ जाणार होते. सोबतच्या राजपत्रात शोगुनांचा उल्लेख कोणत्या नावाने करावा, हा प्रश्न होता. १६३६ पासून ठरलेली उपाधी दोन चिनी अक्षरांची होती. जपानी वाचनात ती ‘ताइकुन’ आणि तिचा शब्दशः अर्थ ‘थोर प्रभू’. शोगुनांचे विद्वान सल्लागार अराइ हाकुसेकी यांनी ऐनवेळी या उपाधीला हरकत घेतली. कारण हीच दोन अक्षरे कोरियात ‘देगुन’ अशी वाचली जात आणि तेथे ती राजाच्या औरस पुत्रांची पदवी होती. म्हणजे कोरियाचा राजा जपानच्या सत्ताधीशाला पत्र लिहिताना जणू आपल्या मुलाच्या पंक्तीत बसवत होता! दुसरीकडे चिनी ग्रंथपरंपरेत हीच अक्षरे सम्राटासाठी योजली जात आणि जपानचा सम्राट तर क्योटोत वेगळाच होता. एकीकडून उपाधी फार लहान, तर दुसरीकडून फार मोठी. हाकुसेकींनी ती बदलून ‘जपानचा राजा’ असे लिहिण्याचा आग्रह धरला. कोरियाने कुरकुरत तो मान्य केला. परंतु खुद्द जपानमधील विद्वानांनाही तो रुचला नाही. त्सुशिमा बेटावरील संस्थानात कोरियाविषयक व्यवहार पाहणारे कन्फ्यूशियन पंडित आमेनोमोरी होशू यांनी त्याला विरोध केला. अखेर १७१९ च्या शिष्टमंडळाच्या वेळी शोगुन योशिमुने यांच्या राजवटीत जुनी उपाधीच पुन्हा रूढ झाली.

या वादाच्या मुळाशी असलेले दुसरे अक्षर, म्हणजे चिनी ‘ज्युन’, जपानी ‘कुन’ अथवा ‘किमी’, कोरियन ‘गुन’ आणि व्हिएतनामी ‘क्वन’, हा पूर्व आशियातील आदरवाचक शब्दांच्या इतिहासातील एक विलक्षण नमुना होय. एकच अक्षर कोठे सिंहासनावरील राजाचे, कोठे सिंहासनावरून खाली खेचलेल्या राजाचे, कोठे सज्जनाचे, कोठे पतीचे, कोठे शाळकरी मुलाचे, तर कोठे स्वयंपाकघरातील देवतेचे नाव घेते.

रूप आणि उच्चार

सात फटकाऱ्यांत लिहिल्या जाणाऱ्या या अक्षराचे दोन भाग पडतात. वरचा भाग म्हणजे दंड धरलेल्या हाताचे संक्षिप्त चित्र. काही अभ्यासक त्या दंडाला लेखणी मानतात. हा भाग स्वतंत्रपणेही अक्षर म्हणून वापरला जातो आणि त्याचा अर्थ ‘शासन करणे’ किंवा ‘अधिकारी’ असा होतो. खालचा भाग हा लहानसा चौकोन असून तो मुखाचे चिन्ह आहे. हातात अधिकारदंड आणि मुखात आज्ञा, अशी ही जोडणी. हान राजवटीतील विद्वान शू शन यांचा ‘शुओवन जिएझ’ हा शब्दकोश इ. स. १२१ मध्ये सम्राटाला सादर झाला. त्यातही या अक्षराची फोड अशीच दिली असून अर्थ ‘आदरणीय’ असा नोंदवला आहे. शांग काळातील भविष्यकथनाच्या अस्थिलेखांमध्येही हे अक्षर आढळते. म्हणजेच त्याचे आयुष्य तीन हजार वर्षांहून अधिक आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास चीनने असंख्य अक्षरांची रूपे सोपी केली, जपाननेही आपल्या पद्धतीने काही बदलली. हे अक्षर मात्र मुळातच सुटसुटीत असल्याने त्याला कोणी हात लावला नाही. बीजिंग, तैपेई, टोकियो आणि सोल येथे ते आजही एकाच रूपात छापले जाते.

उच्चारांची गोष्ट याउलट आहे. प्राचीन चिनी भाषेत या अक्षराचा आरंभ ‘क’सारख्या ध्वनीने होत असे. जपान, कोरिया आणि व्हिएतनाम यांनी चिनी शब्द उसने घेतले ते याच काळात, म्हणून त्यांच्याकडे तो ‘क’ किंवा ‘ग’ टिकून राहिला. दक्षिण चीनमधील कँटनी बोलीतही तो शाबूत आहे. उत्तरेकडील चिनी भाषेत मात्र पुढील शतकांत हा ध्वनी तालव्य होत गेला आणि आजच्या प्रमाण चिनी भाषेत त्याचा ‘ज्युन’ झाला. मूळ घरात आवाज बदलला, पण शेजाऱ्यांनी तो जपून ठेवला, असे शब्दांच्या इतिहासात अनेकदा घडते.

हे अक्षर इतर अक्षरांच्या पोटातही शिरले आहे. त्याच्या खाली किंवा शेजारी मेंढीचे चिन्ह जोडले की ‘कळप’ किंवा ‘समूह’ या अर्थाचे अक्षर तयार होते. मोबाइलवरील संदेशगटांना चीनमध्ये आज हाच शब्द वापरला जातो. येथे ‘ज्युन’ हा केवळ उच्चार दाखवण्यापुरता आहे, अर्थाशी त्याचा संबंध नाही.

चीन : राजा, सज्जन आणि ‘आपण’

झोऊ राजवटीच्या काळात ‘ज्युन’ म्हणजे भूमी आणि प्रजा यांवर सत्ता असलेला स्वामी. पुढे युद्धमान राज्यांच्या काळात ती जहागीरदारांची पदवी झाली. छिन राज्याला कठोर कायद्यांच्या बळावर समर्थ करणारे शांग यांग यांना शांग प्रदेशाची जहागीर मिळाली, म्हणून इतिहास त्यांना ‘शांग ज्युन’ म्हणून ओळखतो. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील मंगछांग, फिंगयुआन, शिनलिंग आणि छुनशन हे चार ‘ज्युन’ हजारो आश्रितांना पदरी बाळगण्यासाठी प्रसिद्ध होते.

या शब्दाला नैतिक वजन दिले ते कन्फ्यूशियसच्या परंपरेने. ‘ज्युनझ’ म्हणजे शब्दशः ‘स्वामीचा पुत्र’, अर्थात उच्चकुलीन. कन्फ्यूशियसच्या शिकवणीत हा शब्द कुळावरून सरकून शीलावर आला. जन्माने नव्हे तर आचरणाने जो श्रेष्ठ, तो ‘ज्युनझ’. भारतीय परंपरेतील ‘आर्य’ या शब्दाला बुद्धाच्या शिकवणीत असेच नैतिक वळण मिळाले, याची येथे आठवण होते. चित्रकलेत आलुबुखाराच्या जातीचा ‘मेइ’ मोहोर, ऑर्किड, बांबू आणि शेवंती यांना ‘चार ज्युनझ’ म्हटले जाते. थंडीत फुलणारा मोहोर, वाकूनही न मोडणारा बांबू अशा गुणांमुळे वनस्पतींनाही सज्जनांची पंगत मिळाली.

राजाला राजा म्हणायचे ते त्याने राजासारखे वागावे म्हणून, ही नावाला साजेशा वर्तनाची कल्पनाही कन्फ्यूशियसचीच. मेन्सियसने ती टोकाला नेली. जुलमी राजाला ठार करणे हा राजवध ठरतो काय, या प्रश्नावर त्याचे म्हणणे असे की, न्याय आणि माणुसकी पायदळी तुडवणारा मनुष्य ‘ज्युन’ उरतच नाही. तो एक सामान्य गुन्हेगार होय. प्रजा प्रथम आणि ‘ज्युन’ सर्वांत शेवटी, असा क्रमही त्याने लावला. मिंग घराण्याच्या संस्थापक सम्राटाला हे विचार इतके झोंबले की, १३९४ मध्ये त्याने मेन्सियसच्या ग्रंथातून पंच्याऐंशी उतारे गाळून संक्षिप्त आवृत्ती काढवली. एका अक्षराचा हक्क कोणाला, हा प्रश्न सत्तेच्या दृष्टीने किती नाजूक होता, हे यावरून दिसते.

दरबाराबाहेर या अक्षराने वेगळाच संसार थाटला. पतीला ‘फुज्युन’ किंवा ‘लांगज्युन’, दुसऱ्याशी बोलताना स्वतःच्या पित्याला ‘जियाज्युन’ आणि दिवंगत पित्याला ‘शियानज्युन’ म्हणण्याचा प्रघात पडला. तांग काळातील कवितेत तर ‘ज्युन’ हे ‘आपण’ या अर्थाचे आदरार्थी सर्वनामच झाले. आठव्या शतकातील ली बाइसारखा कवी आपल्या मद्यप्रेमी मित्रांना याच शब्दाने साद घालतो. हान दरबारातून इ. स. पूर्व ३३ मध्ये शियोंग्नू सरदाराला विवाहात दिली गेलेली वांग झाओज्युन ही चिनी परंपरेतील विख्यात सुंदरी. तिच्या नावातही हेच अक्षर आहे. म्हणजेच ते केवळ पुरुषवाचक कधीच नव्हते. देवलोकातही त्याला स्थान मिळाले. ताओ पंथात लाओत्झला ‘लाओज्युन’ म्हणतात, तर चुलीवरील देवता ‘झाओज्युन’ वर्षअखेरीस घरातल्यांच्या वागणुकीचा अहवाल घेऊन स्वर्गात जाते, अशी श्रद्धा आहे.

१९१२ मध्ये राजेशाही संपली आणि या अक्षराच्या पायाखालची जमीन सरकली. अनेक घरांत स्वर्ग, पृथ्वी, ‘ज्युन’, मातापिता आणि गुरू अशा पाच पूज्यांची नावे असलेली पाटी पुजली जात असे. प्रजासत्ताकाच्या काळात तिसऱ्या जागी पुष्कळ ठिकाणी ‘देश’ हे अक्षर आले. आदरवाचक म्हणून मात्र शब्द उरला. १८ मार्च १९२६ रोजी बीजिंगमध्ये निदर्शकांवर सैनिकांनी गोळीबार केला आणि ४७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत महिला महाविद्यालयातील ल्यू हझन ही तरुणी होती. तिचे अध्यापक व थोर लेखक लू शुन यांनी तिच्यावर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकात तिच्या नावापुढे ‘ज्युन’ हे अक्षर जोडले. आपल्याच विद्यार्थिनीचा, तेही मृत्यूनंतर, ज्येष्ठाला साजेशा शब्दाने केलेला हा उल्लेख होता. पिढ्यान्‌पिढ्या शालेय विद्यार्थ्यांनी तो लेख वाचला आहे. आजच्या बोली चिनी भाषेत मात्र ‘श्रीयुत’ या अर्थी ‘शियानशंग’ हा शब्द चालतो. ‘ज्युन’ हा औपचारिक लेखन, भाषणे आणि वाक्प्रचार यांपुरता राहिला आहे.

जपान : ‘किमी’ आणि ‘कुन’

जपानने चिनी अक्षरे घेतली तेव्हा बहुतेकांना दोन वाचने मिळाली. एक चिनी उच्चारावरून आलेले, दुसरे देशी शब्दावरून. या अक्षराचे पहिले वाचन ‘कुन’, दुसरे ‘किमी’. ‘किमी’ म्हणजे स्वामी. प्राचीन यामातो राज्याच्या अधिपतीला ‘ओकिमी’ म्हणत. आठव्या शतकातील ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात स्त्रिया आपल्या प्रियकराला किंवा पतीला प्रामुख्याने ‘किमी’ म्हणून संबोधतात. पुढे हा शब्द हळूहळू खाली उतरत गेला. आज वरिष्ठाने कनिष्ठाला किंवा पुरुषाने जवळच्या व्यक्तीला ‘तू’ म्हणावे, तशी त्याची छटा आहे. वरिष्ठाला उद्देशून ‘किमी’ म्हणणे हा सरळ उद्धटपणा ठरतो. गाण्यांत आणि चित्रपटांत मात्र त्याचा जुना गोडवा टिकून आहे. माकोतो शिनकाई यांच्या २०१६ मधील ‘किमी नो ना वा’, म्हणजे ‘तुझे नाव’, या लोकप्रिय चित्रपटाच्या शीर्षकातील ‘किमी’ हाच.

मराठी वाचकाला ही घसरण अपरिचित वाटू नये. संस्कृत ‘राजा’ शब्दापासून प्राकृतातून आलेला ‘राव’ हा एकेकाळी सत्तेचा द्योतक होता. मग तो नावामागे लागणारा आदराचा प्रत्यय झाला आणि शेवटी ‘काय राव!’ म्हणून कट्ट्यावरच्या मित्राच्या खांद्यावर हात टाकू लागला. सन्मानाचे शब्द जितके अधिक वापरावेत तितके ते झिजतात, हा भाषांचा सर्वत्र आढळणारा स्वभाव आहे.

नावाला जोडायचा ‘कुन’ हा प्रत्यय आधुनिक जपानमध्ये रुजला तो एकोणिसाव्या शतकात. हागी येथील योशिदा शोइन (१८३० ते १८५९) यांच्या छोट्या पाठशाळेत सामुराईंच्या कुळातील उच्चनीचता बाजूला ठेवून विद्यार्थी परस्परांना ‘कुन’ म्हणत, असे परंपरा सांगते. त्याच्या जोडीला स्वतःसाठी ‘बोकु’, म्हणजे ‘आपला सेवक’, हे सर्वनाम आले. आज हा शब्द मुलगे आणि पुरुष ‘मी’ या अर्थी सर्रास वापरतात. समोरचा स्वामी आणि आपण सेवक, असे दोघांनीही म्हटले की दोघे समान ठरतात. या पाठशाळेतील इतो हिरोबुमी पुढे १८८५ मध्ये जपानचे पहिले पंतप्रधान झाले.

समानतेची ही खूण जपानी संसदेने जपली. १८९० मध्ये सुरू झालेल्या शाही संसदेच्या काळापासून सभागृहात सदस्याचे नाव पुकारताना ‘कुन’ लावण्याची प्रथा आहे. सदस्य पंतप्रधान असो, वयोवृद्ध असो किंवा स्त्री असो. १९९३ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झालेल्या ताकाको दोई यांनी मात्र सदस्यांना ‘सान’ म्हणण्यास सुरुवात केली. ‘सान’ हा सर्वांना लागू पडणारा, स्त्रीपुरुषभेद न करणारा प्रत्यय. त्यांच्यानंतर सभागृह पुन्हा ‘कुन’कडे वळले.

सभागृहाबाहेर ‘कुन’चे क्षेत्र निराळे आहे. मुलगे, वर्गमित्र आणि हाताखालचे तरुण सहकारी यांना तो लावला जातो. कार्यालयात वरिष्ठ पुरुष हाताखालील स्त्रीलाही ‘कुन’ म्हणताना दिसतात. शाळांमध्ये मुलग्यांना ‘कुन’ आणि मुलींना ‘सान’ हा भेद पूर्वापार चालत आला. अलीकडे मात्र अनेक प्राथमिक शाळांनी सर्वांनाच ‘सान’ म्हणण्याचा पायंडा पाडला आहे. एकेकाळी समतेसाठी आलेला शब्द आता समतेच्याच कारणाने मागे पडू लागला आहे.

राष्ट्रगीतातील एक शब्द

‘किमी’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न जपानमध्ये केवळ व्याकरणाचा राहिला नाही. ‘किमिगायो’ या राष्ट्रगीताचे शब्द इ. स. ९०५ च्या सुमारास संकलित झालेल्या ‘कोकिनशू’ या संग्रहातील एका निनावी कवितेवरून आले आहेत. ती दीर्घायुष्य चिंतणारी शुभेच्छेची कविता. त्या काळी अशा कवितेतील ‘किमी’ सम्राटच असावा असे नव्हे, तर तो कोणीही आदरणीय मनुष्य असू शकत होता. १८८० मध्ये तिला आजची चाल मिळाली, फ्रान्झ एकर्ट या जर्मन संगीतकाराने तिचे स्वरसंयोजन केले आणि साम्राज्यकाळात ‘किमी’ म्हणजे सम्राट हा अर्थ पक्का झाला. तिच्या स्वरांवर युद्धे लढली गेली.

१९४७ मध्ये नवे संविधान लागू झाले. त्यानुसार सार्वभौमत्व जनतेकडे आले आणि सम्राट हा राष्ट्राचे प्रतीक ठरला. मग गीतातील ‘किमी’चे काय? शाळांच्या पदवीदान समारंभात हे गीत गायचे की नाही यावरून शिक्षक आणि शिक्षण मंडळे यांच्यात वर्षानुवर्षे तंटे झाले. फेब्रुवारी १९९९ मध्ये हिरोशिमा प्रांतातील एका शाळेचे मुख्याध्यापक या दोहोंच्या कात्रीत सापडले आणि त्यांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत यांना कायद्याने मान्यता देण्यात आली. संसदेतील चर्चेत सरकारने खुलासा केला की, गीतातील ‘किमी’ म्हणजे राष्ट्राचे व जनतेच्या एकतेचे प्रतीक असलेला आणि जनतेच्या इच्छेवरून ते स्थान धारण करणारा सम्राट होय. एका सर्वनामाचा अर्थ सरकारने संसदेत स्पष्ट करावा, असे प्रसंग विरळाच.

वाद तेथे थांबला नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये टोकियोच्या शिक्षण मंडळाने समारंभात शिक्षकांनी ध्वजाकडे तोंड करून उभे राहावे व गीत गावे, असा आदेश काढला. तो न पाळणाऱ्या शेकडो शिक्षकांवर कारवाई झाली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश घटनाबाह्य नसल्याचा निर्वाळा दिला. पुढच्याच वर्षी मात्र ताकिदीपेक्षा जड शिक्षा देताना सावधगिरी बाळगावी, असेही बजावले.

कोरिया : मुकुट गेला, ‘गुन’ उरला

कोरियाची उत्पत्तिकथाच या अक्षराने सुरू होते. इ. स. पूर्व २३३३ मध्ये पहिले राज्य स्थापन करणारा पुराणपुरुष ‘दानगुन’ याच्या नावातील ‘गुन’ हाच. त्याच्या राज्यारोहणापासून मोजला जाणारा शक दक्षिण कोरियात १९४८ ते १९६१ या काळात अधिकृत होता आणि ३ ऑक्टोबर हा स्थापनादिन आजही राष्ट्रीय सुटीचा दिवस आहे.

जोसोन घराण्याच्या (१३९२ ते १९१०) राजवटीत ‘गुन’च्या पायऱ्या काटेकोरपणे आखलेल्या होत्या. राणीच्या पोटी जन्मलेला राजपुत्र ‘देगुन’, उपस्त्रीच्या पोटी जन्मलेला नुसता ‘गुन’. राणीचा पिता ‘बुवोनगुन’. स्वतः राजा न झालेल्या, पण ज्याचा पुत्र राजा झाला अशा पित्याला ‘देवोनगुन’. ही शेवटची पदवी जिवंतपणी उपभोगणारे एकटे हुंगसन देवोनगुन. बालराजा गोजोंग याचे पिता या नात्याने त्यांनी १८६३ च्या अखेरीपासून दहा वर्षे सत्ता हाती ठेवली आणि परकीयांना देशाची दारे बंद केली.

मात्र या अक्षराचा सर्वांत दाहक वापर पदच्युत राजांच्या बाबतीत झाला. मृत्यूनंतर प्रत्येक राजाला ‘जो’ किंवा ‘जोंग’ या अंत्यपदाचे मंदिरनाम मिळे. ज्याला राजा म्हणून लायक मानले गेले नाही, त्याला ते नाकारले जाई आणि तो कायमचा ‘गुन’ राहत असे. क्रूरपणासाठी कुप्रसिद्ध असलेला योनसानगुन १५०६ मध्ये पदच्युत झाला, तर क्वांगहेगुन १६२३ मध्ये. या दोघांच्या कारकिर्दीच्या राजकीय वृत्तांतालाही ‘सत्यवृत्तांत’ असे न म्हणता केवळ ‘दैनंदिनी’ म्हटले गेले. मेन्सियसने सांगितले ते येथे दप्तरी उतरले.

क्वांगहेगुनचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. सावत्र भावाचा मृत्यू आणि सावत्र आईला दिलेली वागणूक हे त्याच्यावरील आरोप गंभीर होते. परंतु मिंग चीनशी इमान न राखता उगवत्या मांचू सत्तेशी जुळवून घेतले, हाही एक आरोप होता. त्याच्यानंतरच्या राजवटीने उलट धोरण धरले आणि देशाला मांचूंची दोन आक्रमणे सोसावी लागली. शेतकऱ्यांवरील खंडणीचा बोजा हलका करणारी करसुधारणा त्याच्याच काळात सुरू झाली. हो जुन यांचा ‘दोंगुई बोगाम’ हा वैद्यकग्रंथ, ज्याला २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत स्थान मिळाले, त्याच्याच कारकिर्दीत १६१० साली पूर्ण झाला. आधुनिक इतिहासकारांनी त्याचे पुनर्मूल्यांकन केले, २०१२ मध्ये त्याच्यावरील चित्रपट प्रचंड गाजला. पण १६४१ मध्ये जेजू बेटावर वनवासात मेलेला हा राजा कागदोपत्री अद्याप ‘गुन’च आहे.

एकाला मात्र न्याय मिळाला. १४५२ मध्ये लहान वयात गादीवर आलेल्या राजाला त्याचा काका सुयांग देगुन याने १४५५ मध्ये दूर सारले. १४५७ मध्ये त्याला ‘नोसानगुन’ म्हणून खाली उतरवण्यात आले आणि त्याच वर्षी त्याचा अंत झाला. दोन शतकांहून अधिक काळ तो ‘गुन’ म्हणूनच ओळखला गेला. १६८१ मध्ये त्याला ‘देगुन’ची पायरी मिळाली आणि १६९८ मध्ये ‘दानजोंग’ हे राजनाम. मृत्यूनंतर २४१ वर्षांनी एक मुलगा पुन्हा राजा झाला. हे करणारा राजा सुकजोंग. पुढे १७११ मध्ये जपानशी उपाधीचा पेच सोडवण्याची वेळ आली, ती त्याच्याच राज्यात.

आजच्या कोरियन भाषेत ‘गुन’ हा तरुण मुलाच्या किंवा हाताखालच्या पुरुषाच्या आडनावाला जोडतात. स्त्रियांसाठी ‘यांग’ असा वेगळा शब्द आहे. लग्नपत्रिकांत वराच्या नावापुढे ‘गुन’ आणि वधूच्या नावापुढे ‘यांग’ दिसतात, ते ‘चिरंजीव’ आणि ‘चि. सौ. कां.’ यांच्या जवळ जाणारे आहे. दैनंदिन व्यवहारात मात्र ‘स्सी’ हा प्रत्यय अधिक रूढ आहे. कोरियात आता हंगुल लिपीचा वापर होत असल्याने ‘गुन’ म्हणजे प्रभू, ‘गुन’ म्हणजे सैन्य आणि ‘गुन’ म्हणजे तालुक्यासारखा प्रशासकीय विभाग, हे तिन्ही शब्द एकसारखेच लिहिले जातात. फरक कळतो तो संदर्भावरून.

व्हिएतनाम आणि ऱ्यूक्यू

व्हिएतनामी लोक आपला आद्यपुरुष मानतात तो ‘लाक लाँग क्वन’, म्हणजे नागलोकीचा प्रभू. त्याची पत्नी आउ को हिच्या पोटी शंभर पुत्र जन्मले, अशी कथा आहे. ‘मिन्ह क्वन’ म्हणजे ज्ञानी राजा, ‘होन क्वन’ म्हणजे बुद्धी झाकोळलेला राजा, ‘फू क्वन’ म्हणजे पतिदेव. हे शब्द आज मुख्यतः ऐतिहासिक कथांत आणि नाटकांत ऐकू येतात. १९१९ मध्ये जुन्या राजकीय परीक्षा संपल्या, रोमन लिपी सर्वत्र झाली आणि ३० ऑगस्ट १९४५ रोजी सम्राट बाओ दाइ यांनी सिंहासन सोडले. राजनिष्ठेसाठी रूढ असलेल्या ‘त्रुंग क्वन’ या संज्ञेतील ‘क्वन’ काढून हो ची मिन्ह यांनी निष्ठा देशाशी आणि पितृभक्तीसारखी भक्ती जनतेशी जोडली. चीनमधील घरगुती पाटीवर घडले तेच येथे राजकीय घोषणेत घडले.

राजा गेला, तरी चुलीचा देव ‘ताव क्वन’ राहिला. चांद्र वर्षाच्या शेवटच्या महिन्यात तेविसाव्या तिथीला त्याची स्वर्गाकडे पाठवणी होते. २००३ पासून व्हिएतनामच्या सरकारी दूरचित्रवाणीने या कल्पनेवर बेतलेला विनोदी कार्यक्रम नववर्षाच्या पूर्वसंध्येला सुरू केला. त्यात निरनिराळ्या खात्यांचे ‘ताव क्वन’ स्वर्गाच्या दरबारात वर्षभराच्या कारभाराचा जमाखर्च मांडतात.

आजच्या ओकिनावात, म्हणजे पूर्वीच्या ऱ्यूक्यू राज्यात, याच अक्षराला वेगळाच मान होता. तेथील सर्वोच्च धर्माधिकारी स्त्री असे आणि तिची पदवी ‘किकोए ओगिमी’ होती. राजाची बहीण किंवा निकटची नातलग या पदावर बसे. १८७९ मध्ये जपानने हे राज्य खालसा केले आणि या परंपरेचा राजाश्रय संपला.

‘ताइकुन’ ते ‘टायकून’

आरंभीच्या वादातील उपाधी अखेर सातासमुद्रापार गेली. १८५८ मध्ये अमेरिकेशी झालेल्या करारात शोगुनांचा उल्लेख ‘ताइकुन’ असाच होता. अमेरिकनांच्या कानाला तो शब्द आवडला. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे तरुण सचिव खासगीत त्यांना ‘टायकून’ म्हणत. शोगुनांची सत्ता १८६८ मध्ये लयाला गेली, पण शब्द मागे राहिला आणि विसाव्या शतकात बड्या उद्योगपतीला चिकटला. तेथून इंग्रजीमार्गे तो मराठी वृत्तपत्रांच्या मथळ्यांतही आला. ‘पोलाद टायकून’ किंवा ‘मीडिया टायकून’ असे वाचताना त्यातील ‘कून’ हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या अस्थिलेखांतील अक्षराचा वंशज आहे, याची कल्पना सहसा नसते.

व्यवहारातील काही संकेत

पुण्यासारख्या शहरात जपानी भाषा शिकणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. महाराष्ट्रातील जपानी आणि कोरियन कंपन्यांत काम करणाऱ्यांनाही या शब्दाशी गाठ पडते. अशांसाठी ढोबळ नियम सांगता येतो. जपानी वरिष्ठाने आपल्याला ‘कुन’ म्हटले तर त्यात अवमान नाही, पण त्याला उलट ‘कुन’ म्हणू नये, ‘सान’ किंवा पदनाम वापरावे. ‘किमी’ हे सर्वनाम गाण्यांतून कितीही कानावर पडले, तरी परक्याशी बोलताना टाळावे. कोरियन ‘गुन’ केवळ वयाने लहान असलेल्यास आणि तेही जपून वापरावे. चिनी पत्रव्यवहारात ‘ज्युन’ दिसल्यास तो औपचारिक आदर समजावा. स्वतः लिहिताना मात्र ‘शियानशंग’ किंवा स्त्रियांसाठी ‘न्युशी’ हेच सुरक्षित.

हाकुसेकींना १७११ मध्ये जे कळले होते, ते आजही खरे आहे. अक्षर एकच असले, तरी ते उच्चारणारा कोठे उभा आहे आणि ऐकणारा कोण आहे, यावर त्याचा मान ठरतो. क्वांगहेगुनला ते शिक्षा म्हणून मिळाले, बीजिंगमध्ये गोळीला बळी पडलेल्या विद्यार्थिनीला आदरांजली म्हणून. अक्षराच्या सात फटकाऱ्यांत मात्र दोन्ही वेळा तिळमात्र फरक नव्हता.